विजय राष्ट्राचा, पराभव रंगाचा

१

राष्ट्रीय संघाची निवड हा खेळातल्या जाणकारांचा प्रश्न आहे, त्यात समाजविचार घुसडू नये, असे सांगणारे सुशिक्षित लोक आपल्याला पावलोपावली भेटतात. त्यांचे म्हणणे असे, की मैदान ही एकच जागा अशी आहे जिथे जन्म विचारला जात नाही. ज्याच्या अंगी खेळ आहे तो आत जातो, ज्याच्या अंगी नाही तो बाहेर बसतो. राखीव जागांची चर्चा निघाली की हा दाखला हमखास पुढे केला जातो. ‘उद्या देशाच्या संघातही राखीव जागा मागाल काय?’ एवढा एक प्रश्न टाकला की समोरचा निरुत्तर झाला, असे विचारणाऱ्याला वाटते. हा प्रश्न मला वर्गात विद्यार्थ्यांनी विचारला आहे आणि वर्गाबाहेर सहकाऱ्यांनीही.

ह्या प्रश्नाला भावनेच्या पातळीवर उत्तर देण्यात अर्थ नाही. त्याची तपासणी करायची तर ज्या देशाचे उदाहरण गुणवत्तेचे पुजारी स्वतः देतात, त्या देशापासूनच सुरुवात केली पाहिजे. तो देश ब्राझील. १९५८, १९६२, १९७०, १९९४ आणि २००२ अशी पाच वेळा फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा जिंकलेला, काळ्या आणि गोऱ्या खेळाडूंचा एकत्र संघ उभा करणारा, आणि वर्णद्वेष आमच्याकडे नाहीच असे अनेक वर्षे जगाला सांगत आलेला हा देश आहे. त्याच्या संघनिवडीचा आणि डावपेचांचा इतिहास मारिओ फिल्यो ह्या पत्रकाराने ‘ब्राझीलच्या फुटबॉलमधील काळा माणूस’ अशा अर्थाचे नाव असलेल्या ग्रंथात सांगितला. हा ग्रंथ १९४७ साली आला; १९६४ साली लेखकाने त्यात भर घालून दुसरी आवृत्ती काढली; २०२१ साली त्याचा इंग्रजी अनुवाद झाला. आपल्या चळवळीतल्या वाचकाने हा ग्रंथ वाचला पाहिजे, आणि तो सावधपणे वाचला पाहिजे, असे मला वाटते. प्रस्तुत लेख त्या ग्रंथाच्या निमित्ताने लिहिला आहे.

माझे म्हणणे आधीच मांडतो. संघात गुणवत्ता मोजली जाते हे खरे आहे. परंतु ती मोजणारा कोण आहे, तो कोणत्या जागेसाठी मोजतो आहे, आणि त्याचे मोजमाप चुकले तर त्या चुकीची किंमत कुणाकडून वसूल केली जाते, हे तीन प्रश्न विचारल्याखेरीज गुणवत्ता ह्या शब्दाला काही अर्थ उरत नाही.

२

ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती १८८८ साली. त्यानंतर थोड्याच वर्षांत इंग्लंडशी संबंध असलेल्या सुखवस्तू तरुणांनी तिथे फुटबॉल रुजवला. काल मुक्त झालेला गुलाम आणि आज आयात झालेला खेळ एकाच शहरात वाढत होते, पण खेळाच्या क्लबाचे दार गुलामाच्या मुलाला बंद होते. फ्लुमिनेन्से ह्या रिओ द जानेरोच्या उच्चभ्रू क्लबाकडून १९१४ साली कार्लोस आल्बेर्तो नावाचा मिश्रवंशीय खेळाडू खेळला. तो तोंडाला तांदळाची पूड फासून मैदानात उतरे आणि घामाने पूड ओघळली की प्रेक्षक ओरडत, अशी हकीकत मारिओ फिल्यो सांगतात. १९१९ साली दक्षिण अमेरिकेच्या स्पर्धेत ब्राझीलला विजेतेपद मिळवून देणारा गोल केला आर्तुर फ्रीडेनराइक ह्याने. त्याचे वडील जर्मन वंशाचे आणि आई काळी होती. देशाचा हा पहिला मोठा नायक आपले कुरळे केस चापूनचोपून सरळ केल्याशिवाय मैदानात येत नसे. कर्तृत्व सिद्ध केल्यावरही ज्याला स्वतःचे केस लपवावे लागतात, त्याची निवड झाली असे म्हणायचे की त्याला चालवून घेतले असे म्हणायचे?

१९२१ साली अर्जेंटिनात जाणाऱ्या राष्ट्रीय संघात काळे खेळाडू नसावेत अशी राष्ट्राध्यक्ष एपितासिओ पेसोआ यांची इच्छा असल्याचे जाहीर झाले. परदेशात देशाचे ‘चांगले’ रूप दिसावे म्हणून ही काळजी. त्यावर उपरोधाने तुटून पडणारा लेखक होता लिमा बारेतो. हा स्वतः गुलामांचा वंशज, दारिद्र्यात जगलेला आणि तत्कालीन वाङ्मयीन प्रतिष्ठितांनी दूर ठेवलेला कादंबरीकार. फुटबॉलच्या संघनिवडीवर पहिली खणखणीत टीका एका काळ्या साहित्यिकाने केली, ही गोष्ट आपण लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढच्याच वर्षी, १९२२ साली, तो वारला.

ह्यानंतरची घटना अधिक बोलकी आहे. पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या आश्रयाने वाढलेल्या वास्को द गामा ह्या क्लबाने रिओच्या वरच्या गटात येताच पहिल्याच वर्षी, १९२३ साली, विजेतेपद मिळवले. त्याच्या संघात काळे, मिश्रवंशीय आणि गोरे मजूर एकत्र होते. ज्यांना मैदानात हरवता आले नाही त्यांना नियमात हरवायचे, हा प्रस्थापितांचा जुना मार्ग आहे. बड्या क्लबांनी वेगळी संघटना काढली आणि वास्कोला प्रवेश हवा असेल तर बारा खेळाडू काढून टाकावेत अशी अट घातली. ‘काळे नकोत’ असे नियमात कुठेही लिहिलेले नव्हते. खेळाडूचा व्यवसाय प्रतिष्ठित असावा, त्याला लिहितावाचता यावे, अशी ती भाषा होती. वास्कोचे अध्यक्ष जुझे आउगुस्तो प्रेस्तेस यांनी ७ एप्रिल १९२४ रोजी पत्र लिहून ही अट नाकारली आणि क्लब त्या संघटनेच्या बाहेर राहिला. पुढच्या वर्षी त्याला आत घ्यावे लागले.

चेंडू पायाने मारायचा आणि परीक्षा सहीची घ्यायची. माझे आजोबा हजेरीपटावर अंगठा उठवत. म्हणून ही अट मला परकी वाटत नाही. अक्षर ज्यांनी पिढ्यान् पिढ्या नाकारले, त्यांनीच पुढे अक्षराची अट घालावी आणि तिला गुणवत्ता म्हणावे, ही रीत आपण जवळून पाहिली आहे. वास्कोच्या खेळाडूंना सही करता यावी म्हणून अक्षरे गिरवायला बसवले गेले, असे मारिओ फिल्यो लिहितात. ते हा भाग गमतीच्या सुरात सांगतात. मला त्यात गंमत दिसत नाही.

१९३३ साली रिओमध्ये धंदेवाईक फुटबॉल सुरू झाले आणि काळ्या खेळाडूंसाठी दार उघडले. परंतु ते कामगाराचे दार होते. खेळाडू पगारी नोकर झाला; क्लबाचा सभासद झाला नाही. मैदान त्याचे, दिवाणखाना मालकाचा. ही वाटणी नीट ध्यानात ठेवली म्हणजे पुढच्या सर्व घटनांचा उलगडा होतो.

३

१९५० ची विश्वचषक स्पर्धा ब्राझीलमध्ये भरली. तिच्यासाठी रिओत माराकाना हे प्रचंड क्रीडागार बांधण्यात आले. त्या वर्षी चार संघांचा शेवटचा गट होता. ब्राझीलने स्वीडनला ७-१ आणि स्पेनला ६-१ असे हरवले होते. शेवटच्या सामन्यात उरुग्वेशी नुसती बरोबरी झाली असती तरी विजेतेपद ब्राझीलचे होते. १६ जुलै रोजी सुमारे दोन लाख माणसे माराकानात जमली. खेळ सुरू होण्यापूर्वीच महापौरांनी आपल्या भाषणात संघाला जगज्जेते म्हणून संबोधले.

४७ व्या मिनिटाला ब्राझीलच्या फ्रियासाने गोल केला. ६६ व्या मिनिटाला उरुग्वेचा उजवीकडचा आघाडीवीर गिज्जा हा बिगोदेला मागे टाकून धावत गेला आणि त्याने मध्ये दिलेल्या चेंडूवर स्कियाफिनोने बरोबरी साधली. ७९ व्या मिनिटाला गिज्जा पुन्हा त्याच वाटेने आला, पुन्हा बिगोदे मागे पडला. मघासारखाच तो चेंडू मध्ये देणार असा अंदाज बांधून गोलरक्षक बार्बोसा पाऊलभर सरकला. गिज्जाने चेंडू थेट त्याच्या आणि जवळच्या खांबाच्या मधून आत मारला. उरुग्वे २, ब्राझील १.

पराभवाचा निवाडा लगेच झाला. दोषी तिघे ठरले. गोलरक्षक मोआसिर बार्बोसा, बचावफळीतला जुवेनाल आणि त्याच्या बाजूचा बिगोदे. तिघेही काळे किंवा मिश्रवंशीय. मिश्र रक्ताचा माणूस ऐन वेळी कच खातो, मोठा प्रसंग त्याला पेलत नाही, असा सिद्धांत पुन्हा वर आला. १९५४ साली स्वित्झर्लंडमधल्या स्पर्धेत हंगेरीकडून ४-२ असा पराभव झाला, तेव्हाही पथकाचे प्रमुख जोआंव लिरा फिल्यो यांनी आपल्या अहवालात संघाच्या वांशिक घडणीकडेच बोट दाखवले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, कारण आपली बाजू न्याय्य असली म्हणजे तपशील ढिला ठेवण्याची मोकळीक मिळते असे मी मानत नाही. बार्बोसा पुन्हा कधीच देशाकडून खेळला नाही, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. ते खरे नाही. १९५३ साली तो एक सामना खेळला. वास्को क्लबाकडून तर तो पुढेही वर्षानुवर्षे खेळला आणि विजेतेपदे मिळवत राहिला. म्हणजे त्याचे हात निकामी झाले नव्हते. क्लबाला रोजचा खेळ दिसत होता म्हणून क्लबाने त्याला ठेवले. राष्ट्राला प्रतीक हवे होते म्हणून राष्ट्राने त्याला प्रतीक केले. आणि प्रतीक झालेल्या माणसाची सुटका नसते. १९९३ साली, पराभवाला त्रेचाळीस वर्षे होऊन गेल्यावर, तो राष्ट्रीय संघाच्या शिबिराला भेट द्यायला गेला असता त्याला अपशकुनी म्हणून दूर ठेवण्यात आले. ब्राझीलच्या कायद्यात जास्तीत जास्त शिक्षा तीस वर्षांची आहे, मी मात्र पन्नास वर्षे भोगतो आहे, अशा आशयाचे त्याचे बोलणे प्रसिद्ध आहे. ७ एप्रिल २००० रोजी तो वारला.

अपशकुनी हा शब्द आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. ज्याची सावली टाळायची त्या माणसाला जगात सगळीकडे एकच नाव असते.

४

आता ह्या निवाड्याची तर्काच्या कसोटीवर तपासणी करू. मिश्र रक्तामुळे ब्राझील हरला असे म्हणायचे, तर उरुग्वे कशामुळे जिंकला? त्या दिवशी उरुग्वेचा कर्णधार होता ओब्दुलियो वारेला, आफ्रिकी वंशाचा. ब्राझीलने पहिला गोल केल्यावर दोन लाखांच्या जल्लोषात चेंडू काखेत धरून तो शांतपणे पंचाशी वाद घालत उभा राहिला, वेळ काढला, गर्दीचा आवाज ओसरू दिला आणि मग खेळ पुढे सुरू केला. त्या मैदानात सर्वांत स्थिर डोके कुणाचे होते, तर ह्या माणसाचे. उरुग्वेची ही परंपराही जुनी होती. १९१६ साली ग्रादिन आणि देल्गादो हे काळे खेळाडू खेळवले म्हणून त्यांच्याविरुद्ध चिलीने तक्रार केली होती. १९३० साली पहिली विश्वचषक स्पर्धा जिंकणाऱ्या उरुग्वे संघात आंद्रादे हा काळा खेळाडू होता. एकाच दुपारी, एकाच मैदानात, तेच रक्त एका संघाच्या पराभवाचे कारण ठरते आणि दुसऱ्या संघाच्या विजयात त्याचा उल्लेखही होत नाही. हा विचार नव्हे; आधी ठरवलेल्या निकालासाठी जमवलेला पुरावा आहे.

मग पराभवाचे कारण काय? ते मैदानात, डोळ्यांसमोर होते. गिज्जाला अडवण्याचे काम एकट्या बिगोदेवर सोपवलेले होते. तो चकला तर त्याच्यामागे दुसरा माणूस वेळेवर पोहोचेल अशी बचावाची रचना नव्हती. बरोबरीचा गोल ह्याच वाटेने झाला. त्यानंतर दुसरा गोल होईपर्यंत तेरा मिनिटे गेली. त्या काळात सामना चालू असताना बदली खेळाडू घेण्याची सोय नव्हती हे खरे. पण असलेल्या माणसांच्या जागा बदलता येत होत्या, मधल्या फळीतला एक जण मागे घेता येत होता, बरोबरी पुरेशी आहे हे ओळखून आघाडी आखडती घेता येत होती. तेरा मिनिटांत ह्यातले पुरेसे काही झाले नाही आणि तेच भगदाड पुन्हा फुटले.

रचना कुणाची होती? प्रशिक्षक फ्लाविओ कोस्ता यांची. ते गोरे होते. त्यांच्या रक्ताची चर्चा झाली नाही. एवढेच नव्हे, १९५५ आणि १९५६ साली राष्ट्रीय संघ पुन्हा त्यांच्याच हाती देण्यात आला. कोस्ता यांना पुन्हा संधी मिळू नये असे माझे म्हणणे नाही. चूक झालेल्या माणसाला दुसरी संधी मिळालीच पाहिजे. प्रश्न एवढाच आहे, की ही माणुसकी आराखडा काढणाऱ्याच्याच वाट्याला का आली, आणि आराखड्यातल्या भगदाडात उभे केलेल्या माणसाच्या वाट्याला का आली नाही? आराखडा चुकला तर ती ‘चूक’ असते. हात चुकला तर तो ‘स्वभाव’ असतो. चूक दुरुस्त होते. स्वभाव जन्माला चिकटवला जातो.

गोलरक्षकाच्या जागेचे पुढे काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. १९६६ साली मांगा हा काळा गोलरक्षक पोर्तुगालविरुद्ध एक सामना खेळला; ब्राझील तो ३-१ असा हरला आणि स्पर्धेबाहेर गेला. ह्याखेरीज विश्वचषकात ब्राझीलचा पहिल्या पसंतीचा गोलरक्षक म्हणून काळा माणूस उभा राहिला तो थेट २००६ साली, दिदा. मधल्या छपन्न वर्षांत काळे आघाडीवीर मुबलक झाले, काळे बचावपटू झाले. पण शेवटची रेषा ज्याच्या भरवशावर सोडायची त्या जागेवर विश्वास बसायला अर्धे शतक लागले. अशी बंदी कुठल्याही कागदावर नव्हती. कागदावर नसलेली बंदीच सर्वांत टिकाऊ असते.

५

१९५८ साली स्वीडनमध्ये ब्राझीलने विश्वचषक प्रथम जिंकला. ह्या विजयाची कथा नेहमी पेले आणि गार्रिंशा ह्यांची कथा म्हणून सांगितली जाते. ती निवडीची कथा म्हणून सांगितली तर वेगळे काही दिसते.

संघाबरोबर जोआंव कार्व्हाल्याएस नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी खेळाडूंच्या कागदी चाचण्या घेतल्या आणि सतरा वर्षांचा पेले पोरसवदा आहे, तर गार्रिंशाला जबाबदारीची जाणीव नाही, असे मत दिले. गार्रिंशा हा कापडगिरणीच्या गावातला, गिरणीत काम केलेला, आदिवासी पूर्वजांचा वंशज. त्याचे दोन्ही पाय वाकडे होते. चाचणीत तो खाली राहिला. ८ जूनला ऑस्ट्रियाविरुद्ध आणि ११ जूनला इंग्लंडविरुद्ध हे दोघेही खेळले नाहीत. इंग्लंडशी सामना गोलाविना बरोबरीत सुटला. १५ जूनला सोव्हिएत संघाविरुद्ध प्रशिक्षक विसेंते फिओला यांनी गार्रिंशा, पेले आणि झिटो ह्यांना आत घेतले. ब्राझील २-० असा जिंकला आणि २९ जूनला अंतिम सामन्यात स्वीडनला ५-२ हरवून जगज्जेता झाला.

ह्या दोघांना सुरुवातीला बाहेर ठेवले ते केवळ रंगामुळे, असे म्हणणे सोपे आहे. मी ते म्हणणार नाही. पेलेचा गुडघा दुखावलेला होता. गार्रिंशाच्या बाबतीत शिस्तीचा आक्षेप होता. प्रतिस्पर्ध्याला चकवून पुन्हा थांबायचे आणि पुन्हा चकवायचे ही त्याची सवय प्रशिक्षकांना धोक्याची वाटे. ही कारणे खोटी नव्हती. उजव्या बचावाच्या जागेवर तर काळा द्जाल्मा सांतोस पाच सामने बाहेर बसला आणि दे सोर्दी जखमी झाला म्हणून थेट अंतिम सामना खेळला. त्या एका सामन्याच्या बळावर स्पर्धेतल्या सर्वोत्तम संघात त्याचे नाव घेतले गेले. दे सोर्दीही चांगला खेळाडू होता. प्रत्येक वेळी सुटे, सभ्य, पटण्यासारखे कारण असते. मात्र बाकावर बसलेल्यांची रांग एकत्र पाहिली म्हणजे तिला एक रंग दिसू लागतो. भेदभाव सिद्ध करायला एखाद्या दुष्ट माणसाचे तोंड सापडलेच पाहिजे, हा आपल्याकडचाही गैरसमज आहे. मुलाखतीच्या खोलीतून बाहेर पडलेल्या आपल्या मुलांना दर वेळी वेगळे कारण सांगितले जाते.

माझ्या मते १९५८ चा खरा अर्थ डावपेचात आहे. ब्राझीलने त्या स्पर्धेत चार बचावपटू, मध्ये दोन आणि पुढे चार अशी मांडणी केली. डावीकडचा झागालो गरजेप्रमाणे मागे येई आणि मधली फळी तिघांची होई. मागे चार जण असल्याने एक चकला तर त्याची जागा भरायला दुसरा असे. १९५० साली बिगोदेच्या पाठीशी जो माणूस नव्हता, तो माणूस १९५८ साली मांडणीतच होता. परिणाम असा, की उपान्त्य सामन्यापर्यंतच्या चार सामन्यांत ब्राझीलवर एकही गोल झाला नाही. रक्त तेच होते. आराखडा बदलला आणि ‘कच खाणारा’ समाज जगज्जेता झाला. आठ वर्षांपूर्वीचा आजार आराखड्याचा होता, रक्ताचा नव्हता, ह्याला ह्याहून स्वच्छ पुरावा कोणता हवा? तरीही बार्बोसाचा निवाडा कुणी फिरवला नाही. विजय राष्ट्राच्या नावावर जमा झाला. पराभव तिघांच्या रंगावर खर्ची पडलेलाच राहिला.

६

येथवर निंदेचा विचार केला. पण निंदेइतकीच तपासून घ्यावी अशी दुसरी गोष्ट आहे, ती म्हणजे स्तुती.

१९३८ च्या विश्वचषकात लिओनिदास ह्या काळ्या खेळाडूने सर्वाधिक गोल केले. तेव्हा जिल्बेर्तो फ्रेइरे ह्या नामवंत समाजशास्त्रज्ञाने वृत्तपत्रात लेख लिहून ब्राझीलच्या फुटबॉलला मिश्रवंशीयांचे फुटबॉल म्हणून गौरवले. युरोपचा खेळ हिशेबी आणि शिस्तीचा, आमचा खेळ नृत्यासारखा, उत्स्फूर्त, उन्मादी, असा त्यांचा विचार होता. वर्णद्वेष्ट्यांना दिलेले उत्तर म्हणून ह्या लेखाचे त्या काळातले महत्त्व मी नाकारत नाही. मारिओ फिल्यो यांच्या १९४७ च्या ग्रंथाला प्रस्तावना फ्रेइरे यांचीच आहे, आणि त्याच विचाराची छाया ग्रंथभर आहे.

ह्या गौरवातली गोम अशी, की काळ्याला शरीर दिले आणि गोऱ्याकडे बुद्धी ठेवली. जो उत्स्फूर्त आहे त्याला आराखडा काढता येत नाही; जो नाचतो त्याला संघ चालवायला देता येत नाही. जिंकला तर नैसर्गिक देणगी, हरला तर नैसर्गिक दोष. दोन्ही वेळा निसर्गच. मेहनत, अभ्यास, निर्णय ह्या माणसाच्या गोष्टी त्याच्या खात्यात कधी लिहिल्याच जात नाहीत. ज्या स्तुतीतून अपशकुनी ठरवण्याची वाट आधीच मोकळी झालेली असते, ती स्तुती स्वीकारताना दहादा विचार करावा.

मराठी वाचकाला हे ओळखीचे वाटले पाहिजे. दलित साहित्य आले तेव्हा प्रस्थापित समीक्षेतल्या एका प्रवाहाने त्याची स्तुती कोणत्या शब्दांत केली, ते आठवावे. अनुभव दाहक आहे, भाषा रांगडी आहे, आविष्कार उत्स्फूर्त आहे. आणि लगेच पुढच्या वाक्यात : मात्र कलात्मक संयम कमी पडतो, रचनेचे भान नाही. म्हणजे जळणे तुमचे, घडवणे आमचे. आमच्या लेखकांनी शब्द तोलून घेतले, रचना मोडल्या त्या जाणीवपूर्वक मोडल्या, पुनर्लेखन केले, वाचन केले, हे त्या समीक्षेला दिसले नाही. कारण तिने आपल्याला आघाडीच्या फळीत धावायला बोलावले होते, आराखड्याच्या फळ्यापाशी नव्हे. फ्रेइरे यांचा खेळाडू आणि ह्या समीक्षेचा दलित लेखक हे एकाच साच्यातले आहेत.

मारिओ फिल्यो यांच्या ग्रंथाकडे पुन्हा येतो. त्याचे सामर्थ्य मोठे आहे. ज्यांची नोंद कुठल्याच दफ्तरात झाली नसती अशा माणसांची तो नावानिशी आठवण ठेवतो. त्यातला पुष्कळसा मजकूर ऐकीव आठवणींवर आधारलेला आहे आणि ब्राझीलमधल्या नंतरच्या अभ्यासकांनी त्याच्या विश्वसनीयतेवर आक्षेप घेतले आहेत. पण मला तो मुख्य दोष वाटत नाही. मुख्य दोष कथेच्या बांधणीत आहे. ही कथा चढत्या पायऱ्यांची आहे. आधी बंदी, मग कष्ट, मग प्रवेश, शेवटी जयजयकार. पहिल्या आवृत्तीत प्रवेश पूर्ण झाल्यासारखी कथा संपली आणि तीनच वर्षांत माराकानाने तिला खोटे पाडले. लेखकाने ते पाहिले, १९५० नंतर वर्णद्वेष पुन्हा उफाळल्याची नोंद केली, हे त्यांचे श्रेय. परंतु दुसऱ्या आवृत्तीतही त्यांनी नवा नायक शोधला आणि पेलेच्या उदयात समाधान मानले. एक माणूस शिखरावर पोहोचला म्हणजे डोंगर सपाट झाला, हा त्यांचा निष्कर्ष मला मान्य नाही. पेले हे बार्बोसाचे उत्तर नव्हे. अकरा गोल वाचवणाऱ्या काळ्याला बारावा गोल सुटला तरी माणूस म्हणून जगता येणे, हे बार्बोसाचे उत्तर आहे. समतेची परीक्षा आपल्यातल्या असामान्याला काय मिळते ह्यावर होत नाही. आपल्यातला सामान्य माणूस चुकला तर त्याला काय सोसावे लागते, ह्यावर ती होते.

७

१९५८ च्या स्पर्धेत सर्वोत्तम खेळाडू म्हणून गौरवला गेलेला काळा खेळाडू दिदी होता. पासांची आखणी, खेळाचा वेग वाढवणे आणि कमी करणे, सगळे त्याच्या डोक्यातून निघत असे. अंतिम सामन्यात स्वीडनने पहिला गोल केल्यावर जाळ्यातला चेंडू हातात घेऊन तो सावकाश मध्यरेषेपर्यंत चालत आला. वारेलाने माराकानात जे केले, तेच त्याने तिथे केले. हा माणूस पुढे प्रशिक्षक झाला आणि १९७० च्या विश्वचषकात त्याने पेरूचा संघ उपान्त्यपूर्व फेरीपर्यंत नेला. तिथे ब्राझीलने त्याला ४-२ असे हरवले. ब्राझीलने आपला राष्ट्रीय संघ मात्र त्याच्या हाती कधीच दिला नाही. ह्या एका वाक्यात सगळी वाटणी आली. खेळायला निवडले, निवडायला निवडले नाही.

आपल्याकडचे उदाहरण पळवणकर बाळू यांचे. चांभार समाजातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेऊन आला. पण ज्या हिंदू संघासाठी तो राबला, त्याच्या सोबत्यांचा चहा आणि त्याचा चहा एका भांड्यातला नव्हता, आणि त्या संघाचे कर्णधारपद त्याला मिळाले नाही. ते १९२३ साली त्याचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. चेंडू हातात द्यायला विटाळ नव्हता. निर्णय हातात द्यायला होता. वंश आणि जात ह्या एकच गोष्टी नव्हेत. जातीची उपपत्ती वंशात शोधणे बाबासाहेबांनीच साधार खोडून काढले आहे, आणि ब्राझीलचा काळा माणूस व आपला दलित ह्यांचे इतिहास वेगळे आहेत. परंतु राबणारा एक आणि ठरवणारा दुसरा, ही वाटणी ज्या चलाखीने टिकवली जाते ती चलाखी दोन्हीकडे सारखी आहे, म्हणून हा अभ्यास आपल्या उपयोगाचा आहे.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर. ‘संघातही राखीव जागा मागाल काय?’ असे विचारणाऱ्याला आपण उलट विचारावे, की निवड समितीत कोण बसतो? सराव शिबिरापर्यंत पोचण्याचे गाडीभाडे कुणाच्या खिशात असते? मैदान कुणाच्या वस्तीला लागून आहे? डाव आखताना फळ्यापाशी खडू कुणाच्या हातात असतो? आणि डाव फसल्यावर कुणाच्या जातीचा उच्चार होतो? ह्या प्रश्नांची उत्तरे मिळाली की गुणवत्तेवर बोलू. आम्हाला तिची भीती नाही. गुणवत्तेचा खरा हिशेब मांडला जावा, ही मागणी मुळात आमचीच आहे.

शिक्षक आणि कार्यकर्ते म्हणून आपल्यापुढे ह्यातून एक काम उभे राहते. आपल्या मुलांना धावायला शिकवणारे पुष्कळ भेटतील, त्यांच्या धावण्याला टाळ्या वाजवणारेही भेटतील. आपण त्यांना आराखडा वाचायला, त्यातले भगदाड ओळखायला आणि स्वतः आराखडा काढायला शिकवले पाहिजे. समितीत, संपादक मंडळात, अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळात, परीक्षकाच्या खुर्चीत आपली माणसे बसली पाहिजेत. आणि त्या खुर्चीत बसल्यावर, पराभवाच्या दिवशी, सर्वांत दुबळ्या माणसाच्या नावावर हिशेब फाडण्याचा मोह आपल्यालाही होईल. तो टाळता आला तरच आपण काही वेगळे केले असे म्हणता येईल.